मिळण्याआधीची उपकारस्तुती

खर्डा,
२० सप्टेंबर २०२५

चि. ग्लोरियास योहान आजोबांचा सप्रेम सलाम.

पाकिटावर अहिल्यानगर असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, पण लिहिताना तोंडात नगरच येत होतं. जुनी जीभ आहे, तिला वेळ लागतो. फोनवर तुझा आवाज मला डब्यात खडे हलवावेत तसा ऐकू येतो, म्हणून हा कागद. निदान कागदाला तरी माझ्या कानांची गरज नाही.

काल सकाळी तुझे पप्पा आले होते. जेम्स माझा पुतण्या, पण गावाला पाणी सोडायची किल्ली खांद्यावर टाकून आला की एखाद्या सरदारासारखा दिसतो. ओट्यावर बसला आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "काका, पाच तारखेच्या रविवारी उपकारस्तुती ठिवली! ग्लोरियाच्या डाक्टरकीची!" मी म्हटलं, "अरे, प्रवेश मिळाला का?" तर म्हणतो, "मिळायच्या आधीच देवाचे आभार मानायचे, मंग तो मिळवून देतो. जामखेडच्या सभेत सांगितलं तसं. मिळाल्यावर तर कुनी बी मानतंय."

मला हे थोडं धाडसाचं वाटलं. पण त्याचा चेहरा असा उजळला होता की मी शंका गिळून टाकली. नळाला पाणी सोडता सोडता त्याने गल्लीगल्लीत सांगितलं आहे. पाळकसाहेबांनी तारीख दिली, मंडप सांगून झाला. त्या दिवशी तू पुढे उभी राहून साक्ष द्यायची, देवाने काय दिलं ते सांगायचं, आणि नंतर माझं गाणं व्हायचं, असं ठरलं आहे. गाणं नवं हवं म्हणे. मी कालपासून गुणगुणतो आहे. शाळेत शेवटच्या तासाला पोरांना किल्ल्याच्या तटाखाली बसवून मी कविता म्हणून घ्यायचो, तटावरून आमचाच आवाज परत यायचा आणि पोरांना वाटायचं, आत कोणीतरी दुसरी शाळा भरवली आहे. ते दिवस आठवले. दोन ओळी जमल्या आहेत:

अजून हाती नाही आले, तरी ओंजळ भरली,
देवा, तुझ्या दारी आमची पाखरं उतरली.

कशा वाटल्या ते कळव. तुझ्या दयामावशीला सलाम सांग. तिच्या घरी आहेस म्हणून मला काळजी नाही.

तुझा,
योहान आजोबा


सावेडी, नगर
२३ सप्टेंबर

आजोबा,
सलाम.

तुमचं पत्र मावशीला दाखवलं नाही. गादीखाली ठेवलंय.

दुसरी यादी काल आली. माझं नाव कुठेच नाही. एमबीबीएसची आशा मी कधीच सोडली होती, हे पप्पांना माहीत नाही. आता आयुर्वेदालाही नाही आणि होमिओपॅथीलाही नाही. नर्सिंगची वेगळी परीक्षा दिली होती, तिथेही नाही. फार्मसीला उशिरा अर्ज केला, तोही परत आला. आता आयुर्वेदाची तिसरी यादी तीस तारखेला येईल. तिच्यात नाव येणार नाही. मार्क माझे आहेत, मला कळतं.

पप्पा रोज फोन करतात. मी म्हणते, यादी यायचीय. ते म्हणतात, विश्वास ठीव. परवा म्हणाले, तुझ्या साक्षीला जामखेडहून पण लोक येणार हायेत. आजोबा, देवाच्या घरात उभं राहून मी काय सांगू? खोटं सांगितलं तर ती खोटी साक्ष. खरं सांगितलं तर पप्पांचं तोंड सगळ्या मंडळीसमोर पडेल. ते रागावत नाहीत हो. ते गप्प बसतात. मला त्याचीच भीती वाटते.

मी सगळं डोक्यात फिरवून झालंय. अजून एक वर्ष क्लास लावून परत परीक्षा द्यायची म्हटलं तर पुस्तक उघडलं की हात गार पडतात. बी.एस्सी. करायची तर नगरमध्ये जागा आहेत, पण त्यातून पुढे काय, ते कोणी सांगत नाही. एक पशुवैद्यकीय पदविका पण असते, जनावरांची. रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी तिचे अर्ज अजून घेतायत. उन्हाळ्यात आपल्या ढवळी शेळीचं करडू आडवं आलं होतं ना, तेव्हा मीच हात घालून सरळ केलं होतं. तेव्हा मला भीती वाटली नव्हती. गेल्या दोन वर्षांत तेवढीच एकदा वाटली नव्हती. पण डॉक्टर म्हणून मंडप घातलेल्या माणसाला मी शेळ्यांचं काय सांगू?

तो रविवार उजाडूच नये असं वाटतं. किंवा उजाडला तर उजाडू दे, पण त्यात मी नसावं.

पप्पांना काही सांगू नका. तुमच्या ओळी छान आहेत.

ग्लोरिया


खर्डा,
२६ सप्टेंबर

चि. ग्लोरियास सप्रेम सलाम.

पोरी, तू लिहायला लागली आहेस! "उजाडला तर उजाडू दे, पण त्यात मी नसावं." केवढी ओळ आहे ही. मी ती दोनदा चाल लावून म्हटली. वर्गात असतीस तर फळ्यावर लिहून घेतली असती आणि पोरांना विचारलं असतं, सांगा, या ओळीत दिवस कसा दिसतो. परीक्षेच्या यादीत नाव नसेल, पण असली ओळ सुचणाऱ्या मुलीला कसली चिंता?

तिसरी यादी अजून बाकी आहे ना? मग आधीच मान का खाली घालायची? आमच्या वेळी मला ट्रेनिंग कॉलेजला पहिल्या खेपेला घेतलं नव्हतं. एक पावसाळा मी नुसता घरी बसून कविता पाठ केल्या. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर पावसाळा होता. तूही नाहीतर एक वर्ष इकडे ये. किल्ल्यावर जाऊ. बुरुजावरून खालची तूर पिवळी झालेली दिसते, ती तुला दाखवीन.

जेम्सला मी काही बोललो नाही, तुझा शब्द पाळला. तो फार आनंदात आहे. काल त्याने मला एक डबा उघडून दाखवला. आत स्टेथोस्कोप. निळ्या नळीचा, नवा कोरा. म्हणाला, "पाळकसाहेबांनी प्रार्थना केली की त्यांच्याच हातानं तिच्या गळ्यात घालायचा." मला सांगताना त्याने तो दोन्ही हातांवर असा धरला होता, जसं बाप्तिस्म्याला आणलेलं बाळ.

गाण्याचं दुसरं कडवं होत आलं आहे. तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

योहान आजोबा


खर्डा,
१ ऑक्टोबर

ग्लोरिया, बाळ,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. सकाळच्या गाडीचा कंडक्टर कल्याण माझा विद्यार्थी आहे, त्याच्या हाती देतो आहे. दयाच्या दारापर्यंत जाऊन तुझ्याच हातात द्यायला त्याला सांगितलं आहे.

तुझं उत्तर आलं नाही. काल तिसऱ्या यादीचा दिवस होता. संध्याकाळी जेम्स नाचत आल्यासारखा आला. म्हणाला, "काका, पोरगी फोनच उचलंना. आनंदानं रडत आसंल." आणि हसला. बाळ, मी त्याच्याबरोबर हसलो. तो गेला आणि मी तुझं मागचं पत्र पुन्हा काढलं, गाण्याला एखादा शब्द मिळतो का बघायला.

आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

मी ते चाल लावून म्हटलं होतं. मी तुला "वा" म्हणालो होतो. आमच्या शाळेत असल्या मुली होऊन गेल्या, मुलगे होऊन गेले. त्यांच्या वह्यांत छान छान वाक्यं सापडली, नंतर. मी म्हातारा त्या सगळ्यांना विसरून तुझी ओळ तोलत बसलो.

तू जिथे असशील तिथे दयाजवळ जाऊन बस. एकटी राहू नकोस. काही सांगावंसं वाटत नसेल तर सांगू नकोस, पण तिच्या शेजारी बस. रविवारचं काहीही होऊ दे, उपकारस्तुती मोडू दे, मंडप परत जाऊ दे, लोक हसू देत. तुझ्यापुढे ते काही नाही. काहीच नाही.

कल्याणच्या हाती उत्तर पाठव. लिहायला काही नसेल तर कोरा कागद पाठव, पण घडी तुझ्या हाताने घातलेली असू दे. तुझी घडी मला ओळखू येते, तू कोपरे जुळवत नाहीस.

परतीची गाडी येईपर्यंत मी स्टँडवरच बसणार आहे.

आजोबा


सावेडी,
२ ऑक्टोबर

आजोबा,

काल मी कोराच कागद दिला. कल्याणकाका घाईत होते आणि माझा हात चालत नव्हता. आज लिहिते, हेही त्यांच्याच हाती देईन.

मी आहे.

तिसऱ्या यादीत नाव नाही. मंगळवारी यादी बघितल्यावर मावशीला मैत्रिणीकडे जाते सांगून निघाले आणि माळीवाडा स्टँडवर जाऊन बसले. फोन बंद केला. पुण्याची गाडी लागली की वाटायचं, हिच्यात बसावं. संभाजीनगरची लागली की वाटायचं, हिच्यात. जिथे मला कोणी विचारणार नाही अशी कुठलीही गाडी चालली असती, फक्त खर्ड्याची नको होती. एका गाडीत चढले पण. पुढच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "कुठं निघालीस गं?" मला गावाचं नावच सुचेना. तशीच उतरले. पुढे मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. ते मला माहीत नव्हतं, हेच सगळ्यात भयंकर होतं.

मग खर्ड्याची गाडी लागली. मी खांबाच्या मागे लपले. कल्याणकाका ओरडत होते, "चला खर्डा, खर्डा, खर्डा, जामखेड, खर्डा." ते कसे ओरडतात तुम्हाला माहीत आहे, शेवटचा "डा" लांबवून. ते ऐकलं आणि मला रडू फुटलं, सगळ्या स्टँडसमोर. लोक बघायला लागले. मी रिक्षा केली आणि मावशीकडे परत आले. तिला सगळं सांगितलं.

मावशी ओरडली नाही. म्हणाली, "आधी खा." रात्री तिचा हात माझ्या मनगटावर होता. तिला डुलकी लागली तरी हात सुटला नाही.

शनिवारी मावशी आणि मी येतोय. पप्पांना मीच सांगणार. रविवारच्या आधी. पण एकटीने नाही जमणार. तुम्ही बरोबर असाल का? तुम्हाला ऐकू आलं नाही तरी चालेल.

ग्लोरिया


खर्डा,
३ ऑक्टोबर

ग्लोरिया बाळ,

तुझा कोरा कागद उशाला ठेवला आहे. कोपरे जुळलेले नाहीत.

मी स्टँडवर असेन. तुला आता एक सांगतो, म्हणजे तू माझ्यावर फार भिस्त ठेवणार नाहीस. काल दसऱ्याच्या गडबडीत मी जेम्सला सांगायला गेलो होतो. तुझा शब्द मोडून. म्हटलं, निदान घाव आधी माझ्या तोंडून बसू दे. तो चर्चच्या दाराला रंग देत होता, हिरवा. मला पाहून शिडीवरून उतरला आणि कानाशी येऊन म्हणाला, "काका, गानं झालं का?" मी म्हटलं, "जेम्स, एक बोलायचं होतं." तो म्हणाला, "बोला की." त्याच्या भुवईवर हिरवा थेंब उडाला होता. बाळ, मी म्हटलं, "रंग छान आहे." आणि परत आलो.

तुझा आजोबा असा आहे. त्याला तुझ्या पप्पांच्या गप्प बसण्याची तुझ्याइतकीच भीती वाटते. तरी मी येईन. दोन भित्री माणसं शेजारी उभी राहिली तर एका धीट माणसाइतकं वजन होत असेल.

आणखी एक. तू करडाचं लिहिलं होतंस, ते मी पहिल्या वेळी वाचलंच नव्हतं, डोळे नुसते वरून गेले. आज जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पाटीवर लिहून लिहून सांगितलं. ती पदविका खरी आहे. संगमनेरकडे एका संस्थेत जागा रिकाम्या आहेत, अर्ज सोमवारपासून पुन्हा घेणार आहेत. पुढे पदवीलाही वाट निघते म्हणाल्या, पण अवघड. सोपं आहे असं त्यांनी सांगितलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला. मी विचारलं, "मुली येतात का?" त्यांनी पाटीवर लिहिलं, "मी काय आहे?"

गाणं मी फाडलं. दुसरं काही सुचत नाही.

आजोबा


खर्डा,
६ ऑक्टोबर

ग्लोरिया,

तू आणि दया काल दुपारीच नगरला परत गेलात, अर्जासाठी, ते बरं केलंत. पण मी इथे अंधारात बसलो आहे. मला कोणी काही नीट सांगत नाही.

शनिवारचं मी पाहिलं. तू ओट्यावर बसून त्याला सांगत होतीस आणि मी तुझा खांदा धरला होता. तुझे ओठ थांबले. जेम्स उठला, किल्ली खांद्यावर टाकली आणि पाणी सोडायला निघून गेला. त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. तुझ्या मम्मीने डोक्यावरचा पदर तोंडात धरला होता. मला वाटलं, संपलं.

आणि काल. तुला साक्षीला बोलावण्याआधीच तो उठून पुढे गेला. मग माघारी येऊन त्याने तुझा हात धरला आणि तुला पुढे नेऊन उभं केलं, त्या सगळ्या माणसांसमोर. मी उठणार होतो. सांगणार होतो की चूक आमची सगळ्यांची आहे, पोरीला सोड. पण तो बोलायला लागला होता. बोलत होता आणि मला नुसते ओठ दिसत होते. बायका डोळे पुसायला लागल्या. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. स्टेथोस्कोपचा डबा पुढच्या टेबलावर होता, तो कोणी उघडला नाही. मग एकदम सगळे गायला लागले, मला वाटतं ते लहानपणचंच गाणं असावं, म्हणून मीही म्हटलं. मग जेवण. इतक्या जणांना विचारलं, तर कोणी माझा हात दाबतो, कोणी कानात "उपकार, उपकार" म्हणून ओरडतो. जेम्सला विचारायची माझी हिंमत नाही.

तो काय बोलला गं? तुला फार लागेल असं काही बोलला असेल तर लिहू नकोस.

आजोबा


सावेडी,
१० ऑक्टोबर

आजोबा,
सलाम.

तुम्ही ते गाणं आमच्या एक ओळ मागून म्हणत होतात. आम्ही संपवलं तरी तुमचं चालूच होतं. पण कोणी हसलं नाही. पप्पा तुमच्याकडे बघत होते.

पप्पा जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतंय. ते म्हणाले:

"पाळकसाहेब, मंडळी. आमी उपकारस्तुती ठिवली हुती. पोरीला कालेज न्हाई मिळालं. कुठंच न्हाई. मी सगळ्या गावाला उगं सांगत सुटलो. मंगळवारी ती दिसभर नगरच्या स्टँडवर बसली हुती. कुठं बी गेली असती. ती घरी आली. ही बघा, हितं हुबी हाय. मला देवाला येवढंच सांगायचं हुतं. जेवन तयार हाय, जेवल्याबगर कुनी जाऊ नका."

एवढंच. मग ते खाली बसले आणि पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं. मला साक्ष द्यावीच लागली नाही.

सगळं छान झालं असं समजू नका. ते अजूनही माझ्याशी फारसं बोलत नाहीत. त्या दुपारी बसस्टँडवर सोडायला आले, तेव्हा लांब उभे होते. जामखेडचे एक काका जाता जाता बोललेच, "काय जेम्स, आभार लवकर मानलं जनू!" पप्पांनी मान हलवली. मला जमिनीत जावंसं वाटलं. मग गाडी सुटायला लागली आणि ते खिडकीशी आले. हातात तोच डबा. मी म्हटलं, "पप्पा, मी डॉक्टर नाही होणार." ते म्हणाले, "जनावराला बी काळीज असतंच की." डबा आत ढकलला आणि वळून चालायला लागले.

सोमवारी अर्ज भरला. यादी सतरा तारखेला. ही पण यादीच आहे आजोबा. मोबाईल हातात घेते आणि पालथा ठेवते. नाव नसलं तर काय, हे मी मावशीशी रोज बोलते. बोलल्यावर मोबाईल सरळ करते. पप्पांनी या वेळी मंडप सांगितलेला नाही, हे मम्मीकडून कळलं.

एक विनंती. या पत्रातलं कुठलंही वाक्य चांगलं आहे असं लिहू नका.

ग्लोरिया


खर्डा,
१३ ऑक्टोबर

ग्लोरिया,

तुझं पत्र वाचलं. कसं लिहिलं आहेस त्याबद्दल काही म्हणत नाही.

जेवतेस का? झोप लागते का? मावशीचा हात अजून मनगटावर असतो का, की तिला आता नीट झोपू देतेस? खरं ते लिही, दोन शब्दांत लिहिलं तरी चालेल. मी दोन्ही शब्द वाचीन.

जेम्स काल येऊन बसला. जाताना ढवळीच्या पोटाला कान लावून थोडा वेळ बसला होता. का, ते मी विचारलं नाही.

सतराला यादी बघशील तेव्हा दयाला शेजारी बसव. नाव नसलं तर कल्याणच्या गाडीने ये. नाव असलं तरी कल्याणच्या गाडीनेच ये. मी स्टँडवर असेन. तो ओरडतो ते मला ऐकू येत नाही, पण गाडीच्या पाटीवर खर्डा लिहिलेलं वाचता येतं.

आजोबा